पाय थरथरले तेव्हा

रत्नपाल गजभियेला हल्ली काही म्हणजे काही वाटत नसे. पोह्यांत मीठ नाही, हे बायकोला स्वतः खाल्ल्यावर कळे. तोवर याची बशी रिकामी झालेली असे. डॉक्टरांनी बीपी पाहून सांगितलं, योगा करा नाहीतर ताय-ची करा, पण काहीतरी करा. म्हणून तो रोज सकाळी अन्नपूर्णा भागातल्या बागेत जाऊ लागला.

तिथे संबोधीबाई ताय-ची शिकवत. महूच्या, रिटायर्ड नर्स, बोलायला फटकळ. सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. त्या चिनी व्यायामातले संथ हातवारे लोकांना आवडत. पण त्याआधी गुडघे किंचित वाकवून, हात छातीपुढे गोल धरून वीस मिनिटं नुसतं उभं राहायचं आणि अंगात काय चाललंय तिकडे लक्ष द्यायचं, हे मात्र जिवावर येई. हे ध्यान नसेल तर पुढचं सगळं म्हणजे माश्या हाकलणं, असं सिस्टर म्हणत.

पाचव्या मिनिटाला बाकीच्यांचे पाय थरथरू लागत आणि ते कुरकुरत. रत्नपाल हलत नसे. आपल्याला हे भलतंच जमलं, असं त्याला वाटू लागलं होतं.

एका सकाळी सिस्टरनी त्याचा खांदा दाबून पाहिला. "भिया, तुमचे पाय का नाही थरथरत?"

"काही जाणवतच नाही, सिस्टर. ध्यान एकदम पक्कं झालंय."

"भूल दिलेला पेशंटपण असाच पडून असतो. त्याला ध्यान म्हणायचं का? कब से असं आहे?"

तीन महिन्यांपासून, तो म्हणाला. आणि हवापाणी सांगावं तसं त्याने सगळं सांगितलं. सांवेर रोडच्या कारखान्यात तो सुपरवायझर. माल भराभर निघावा म्हणून मालकांनी पत्रे दाबून कापणाऱ्या चार नंबरच्या प्रेसची जाळी काढायला लावली. हात आत जाऊ नये म्हणून असते ती जाळी. त्या प्रेसवर काम करणाऱ्या समीरची दोन बोटं गेली. रिपोर्टात 'कामगाराचा निष्काळजीपणा' लिहिलं गेलं, खाली रत्नपालची सही. जाळी अजून लागली नव्हती आणि आजपासून त्याच प्रेसवर सुनीता ही दुसरी कामगार बसणार होती.

सिस्टर रागावल्या नाहीत. "नोकरीच्या भीतीने गप्प बसलात, समझ में आता है. पण ते गप्प बसणं अंगात मुरलंय आणि तुम्ही त्याला शांती म्हणताय. पुन्हा उभे राहा. आता फक्त बोटांकडे लक्ष द्या. एकेक करून."

तो उभा राहिला. अंगठा. तर्जनी. मधलं बोट. आणि गुडघे लटलटू लागले! तर्जनी आणि मधलं, समीरची हीच दोन बोटं गेली होती. भर बागेत रत्नपाल हुंदके देऊन रडला.

शिफ्ट सुरू होण्याआधी त्याने प्रेसच्या मेन स्विचला कुलूप घातलं आणि सुनीताला बाजूला बसवलं. मालक तणतणत आले. "जाळी लागेपर्यंत मशीन चालणार नाही," रत्नपाल म्हणाला. "आणि त्या रिपोर्टात खोटं लिहिलंय. तसं मी लेखी देतोय."

दुपारी जाळी लागली. नोकरीचं उद्या बघू, असं मालकांनी बजावलं.

संध्याकाळी तो समीरकडे गेला. समीरने सगळं ऐकून घेतलं, पण 'बसा' म्हटलं नाही. ते रत्नपालला फार लागलं.

मंडळी, मन शांत करायला आपण हल्ली कुठे कुठे जातो. जरूर जावं. पण अन्याय पाहूनही जे मन हलत नाही ते शांत नसतं, बधिर असतं. खरं ध्यान माणसाला दुसऱ्याचं दुखणं जाणवून देतं, आणि ते जाणवलं की गप्प बसवत नाही.