दोन निळे टाके, एक पिवळी गाठ

आमच्या धुलाई कारखान्यात रोज चार ट्रक कपडे येतात. इस्पितळांच्या चादरी, हॉटेलांचे टॉवेल, वसतिगृहांचे अभ्रे. सगळं पांढरं. धुऊन निघालं की कुठलं कुणाचं ते देवालाही सांगता येणार नाही. म्हणून ट्रकातून उतरलं की प्रत्येक नव्या कापडाच्या कोपऱ्यावर दोऱ्याची खूण घालायची. ते काम माझं. लाल फुली म्हणजे मोठं इस्पितळ, तीन हिरवे टाके म्हणजे नर्सांचं वसतिगृह. एकोणतीस वर्षं झाली. अक्षर येत नव्हतं तेव्हाही माझ्या हातून एक चादर चुकीच्या ट्रकात गेली नाही.

घरच्या कपड्यांसाठी माझी वेगळी खूण होती. दोन निळे टाके आणि त्यांच्या टोकाला एक पिवळी गाठ. मुलीच्या शाळेच्या कपड्यांवर ती होती, लग्नात दिलेल्या चादरी-टॉवेलांवर होती, पुढे नातवाच्या लंगोटांवरही होती. माझा टाका असा, की कापड फाटेल पण खूण निघणार नाही.

लग्नानंतर पहिल्यांदा घरी आले तेव्हा जावयाने टॉवेलाचा कोपरा बोटांत धरून विचारलं, "आई, हे काय?"

मी सांगितलं.

"गुराला डाग देतात तसंच की," तो म्हणाला. "हरवलं तरी सापडेल."

सगळे हसले. मीही हसले.

जावई गोदामात माल उतरवून घेण्याच्या कामावर आहे. कशालाही नंबर घातल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. घरातल्या डब्यांना नंबर, किल्ल्यांना नंबर. मुलगी सांगायची तेव्हा आम्हाला गंमत वाटायची. मग तो तिची मिनिटं मोजायला लागला. दुकानात किती वेळ, दारात किती वेळ, कोणाशी किती बोललीस. एकदा अकरा मिनिटं जास्त झाली तर त्याने तिचं मनगट पिरगाळून मोडलं. आठ महिन्यांपूर्वी ती माझ्या नातवाला, सहा वर्षांच्या चिमण्याला घेऊन घरातून निघाली ती निघालीच. कुठे राहते ते तिने मलाही सांगितलं नाही.

निघायच्या दिवशी ती कारखान्याच्या मागच्या दाराशी आली होती. उभ्या उभ्या माझ्या फोनमध्ये तिने आपला नवा नंबर घातला.

"नाव 'सुतार' लिहिलंय," ती म्हणाली. "आणि ऐक, हा नंबर नुसता ह्या फोनच्या पोटात ठेवलाय. वर चढवलेला नाही. फोन कुणाच्या हातात देऊ नकोस."

"वर म्हणजे कुठे गं?"

"ते राहू दे. देऊ नकोस, एवढंच लक्षात ठेव."

हा फोन मला जावयानेच घेऊन दिला होता, चार वर्षांपूर्वी. मला वाचता येत नव्हतं म्हणून त्याने प्रत्येक नावापुढे चित्र टाकलं होतं. डॉक्टरांना सुई, गॅसवाल्याला ज्योत, मुलाला त्याचा फोटो. "तुम्ही फक्त चित्र दाबा, बाकी सगळं मी करून ठेवलंय," म्हणाला होता. त्यानंतर मी वाचायला शिकले. कारखान्यातली कारकूनबाई दोन वर्षं जेवणाच्या सुट्टीत आम्हा बायकांना शिकवते आहे. जावयाला हे माहीत नाही. सांगण्यासारखे दिवस त्या घरात राहिले नव्हते.

तर मला 'सुतार' वाचता आलं असतं. पण अक्षरं माझ्यासाठी नवीन होती, भरवसा खुणेवर होता. मीच मुलीला म्हटलं, "चित्र टाक की. घाईत चुकीचा दाबला तर?"

तिने माझ्या कमरेचा रुमाल ओढला, कोपऱ्याचा फोटो काढला आणि नावापुढे लावला. दोन निळे टाके, एक पिवळी गाठ.

मागच्या महिन्यात फोनची पाठ फुगली. माझा मुलगा बेकरीत भट्टीवर असतो. त्याने कुणाचा तरी वापरलेला, चांगल्या स्थितीतला फोन आणला. पण तो निराळ्या जातीचा निघाला. बटणं निराळी, सगळंच निराळं. आम्ही दोघं दुकानात गेलो.

दुकानदार चष्मा कपाळावर ठेवून बोलणारा. "मावशी, हे दोन फोन एकमेकांशी बोलत नाहीत. मध्ये तिसरा लागतो."

"सोयरीक जुळवणारा," मुलगा म्हणाला.

"अगदी. आधी सगळे नंबर वर खात्यात चढवायचे, मग तिथून ह्याच्यात उतरवायचे."

वर. हा शब्द मी कुठेतरी ऐकला होता. जिभेवर आला आणि गेला.

"वर म्हणजे कुठे?" मी विचारलं.

"ढगात, मावशी."

"मग सांडणार नाहीत ना?"

"एकही नाही. हे बघा, इथे काही नुसते फोनच्या पोटात पडून आहेत. तेही घेतो. ह्याच्यावर खातं आधीचंच आहे, नवीन उघडायची कटकट नाही. हं, आता ते विचारतंय, दाबा इथे."

जुन्या फोनवर दोन चौकोन आले होते. एकात 'हो' लिहिलं होतं, एकात 'नाही'. मला दोन्ही वाचता आले. वाचता आले ह्याचं इतकं बरं वाटलं, की मी ऐटीत 'हो' दाबलं.

जुना फोन त्याने वाळूच्या डब्यात ठेवला. "फुगलेली बॅटरी घरी नेऊ नका, पेट घेते. मी मोडीत देतो."

दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत मी नवा फोन घेऊन बसले. शेजारी आमची रेडिओ होती. तिचं तोंड सकाळी सातला सुरू होतं ते भोंगा वाजला की बंद, म्हणून सगळ्या तिला रेडिओच म्हणतात. मी बोट फिरवत एकेक नाव वाचत होते. अभ्यासही होतो.

डॉक्टर. गॅस. गेट दोन. टेम्पो पाच. टेम्पो सहा.

"टेम्पो कशाला गं तुला?" रेडिओने विचारलं.

मलाही कळेना. पुढे वाचत गेले. मुलगा. वजनकाटा. वसतिगृह एक. वसतिगृह दोन. वसतिगृह तीन.

"म्हातारपणी कॉलेजला जातेस की काय?" रेडिओ म्हणाली.

वसतिगृह नऊपर्यंत होती. प्रत्येकाला नंबर. नऊपैकी आठांपुढे एक छोटी फुली होती. नवव्यापुढे नव्हती.

चहाचा कप माझ्या हातात तसाच राहिला. ह्या जगात एकच माणूस असे नंबर घालतो. खातं त्याचं होतं. फोन घेऊन देताना त्याने स्वतःच्याच खात्यात मला बसवलं होतं, पण आजवर त्या फोनमधून वर-खाली काही जात-येत नव्हतं. आता त्याची नावं माझ्याकडे उतरली होती. म्हणजे माझी त्याच्याकडे उतरली होती.

मी खुणेचं चित्र शोधलं आणि दाबलं. दुसऱ्याच घंटेला फोन उचलला गेला.

"बोला. सुतार बोलतोय."

जावयाचा आवाज होता.

मी फोन कानापासून दूर धरून चित्र पुन्हा पाहिलं.

"आई ना? नवीन फोन घेतलात. छान झालं. जुना किती दिवस चालवणार?"

"जावईबापू... चुकून लागला."

"चुकून कसा? चित्र तर बरोबर दाबलंत. मी सकाळपासून विचार करत होतो, आईंना सुताराचं काय काम पडलं? मग चित्र मोठं करून पाहिलं." तो हसला. "मी म्हटलं होतं ना, हरवलं तरी सापडेल?"

"पोरीला सुखानं राहू द्या हो."

"राहील की. तिचा नंबर मी माझ्याकडे लिहून घेतलाय आणि त्या जागी माझा घातलाय. तुम्हाला वाचता येत नाही, उगाच घोटाळा नको. काही लागलं तर तेच चित्र दाबा. मी उचलेन." थोडा थांबून म्हणाला, "चिमण्याचे पुढचे दात पडले असतील ना आता?"

मी फोन बंद केला. रेडिओला म्हटलं, "मुकादमाने विचारलं तर सांग, मला उलट्या होतायत." आणि दुकानाकडे निघाले. कित्येक वर्षांत धावले नव्हते, तशी धावले.

"मावशी, तो मेला," दुकानदार वाळूच्या डब्याकडे बघत म्हणाला.

"एकदा जिवंत कर. पाच मिनिटं. पाया पडते तुझ्या."

त्याने चष्मा खाली घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. तारा लावून फोन चालू केला. नावाच्या जागी जावयाचा नंबर आलेला होता. पण कुणाला कधी फोन केला त्या यादीत जुना नंबर तसाच होता. मी एकेक आकडा मोठ्याने वाचला, त्याने तो दुकानाच्या फोनवरून लावला.

"हॅलो?" मुलगी म्हणाली.

"मी आई. त्याच्याकडे हा नंबर गेलाय. माझ्या हातून गेला."

ती हळूच म्हणाली, "सकाळी कुरियरवाल्याचा फोन आला होता. पार्सल आहे, पत्ता नीट सांगा म्हणाला."

"सांगितलास?"

"गल्लीपर्यंत सांगितला. मग मला कसंतरीच वाटलं, मी कट केला."

"ऊठ. आत्ता नीघ."

"निघते. हा नंबर तोडून टाकते. आई, नवा नंबर मी तुला देणार नाही. तुला रडवायला म्हणून नाही, पण..."

"देऊ नकोस," मी म्हटलं. फोन ठेवल्यावर दुकानदाराने मला स्टूल दिलं.

संध्याकाळी मुलगा म्हणाला, "आण तो फोन. ते खातं काढून टाकतो, मिटला विषय."

"हात लावू नकोस."

"आई, तुला कळतंय का? तो तुझं सगळं बघतोय."

"माझ्याकडे बघण्यासारखं आता काय उरलंय? पण त्याचं मला दिसतंय. आणि त्याला वाटतंय, मला वाचता येत नाही."

मुलाने पुढे केलेला हात मागे घेतला.

तेव्हापासून रोज सकाळी कामावर जाण्याआधी मी यादी उघडते. चौथ्या दिवशी नवव्या वसतिगृहापुढे फुली पडली, म्हणजे तिथेही ती त्याला सापडली नव्हती. मी बसल्या जागी हात जोडले. मग दहा आलं, अकरा आलं. नवं नाव आलं की मला बरं वाटायचं. शोधतोय, म्हणजे सापडलेली नाही. बारा. तेरा.

चौदा आलंच नाही. त्याऐवजी एका सकाळी आलं, 'लाँड्री एक'.

जोडाक्षर होतं, मी दोनदा वाचलं. मग समजलं. मुलगी लहानपणापासून माझ्यासोबत ह्या कारखान्यात वाढली. तिच्या हाताला हेच काम येतं. आणि तिच्या, चिमण्याच्या, अंगावरच्या प्रत्येक कपड्याच्या कोपऱ्यावर माझा टाका आहे. तो आता माणूस विचारत नव्हता, खूण दाखवून विचारत होता. 'सुतार'पुढचं चित्र त्याच्याकडे होतंच. आणि 'खूण उसव' एवढे दोन शब्द पोरीला सांगायला माझ्याकडे नंबर नव्हता. सांगितले असते तरी काय? माझाच टाका. निघाला नसता.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी रेडिओला सगळं सांगितलं. ती पहिल्यांदाच मध्ये बोलली नाही. डबा बंद करून तिने विचारलं, "निळा दोरा किती आहे आपल्याकडे?"

"का?"

"नर्सांच्या वसतिगृहाला ती खूण घालू. हॉटेलांना घालू. सगळ्यांनाच घालू. शोध म्हणावं."

दुपारपासून आम्ही सतरा जणी बसलो. मूळ खुणेच्या शेजारी, ज्याचा माल त्यालाच जाईल अशा बेताने, दोन निळे टाके आणि एक पिवळी गाठ. चादरींना, अभ्र्यांना, टॉवेलांना. मुकादमाने विचारलं तर रेडिओ म्हणाली, "नवीन पद्धत आहे, साहेब. दुहेरी खूण." तो डोकं खाजवत गेला. चार ट्रक रोज जातात. त्यातले कपडे पुढे आणखी कुठल्या कुठल्या लाँड्रीत पोचतात ते आम्हालाही ठाऊक नाही.

आठवड्याभरात यादी धावू लागली. लाँड्री चार. लाँड्री सात. एका दिवशी तीन-तीन. त्याला ती खूण जिथे तिथे दिसत असणार. मी वाचून दाखवायची आणि सगळ्या हसायच्या. "बिचाऱ्याचे जोडे झिजले," रेडिओ म्हणायची. पंधरा, सोळा. सगळ्यांपुढे फुल्या.

गेल्या सोमवारी लाँड्री एकवीस आलं. त्यापुढे फुली नव्हती. मंगळवारी नव्हती. बुधवारी मी फोन बंद करून पुन्हा चालू केला. गुरुवारी मुलाने बघून सांगितलं, फोनला काही झालेलं नाही.

आज शनिवार. सकाळी पुन्हा उघडलं. लाँड्री एकवीस, पुढे फुली नाही, खाली नवं नाव नाही. रेडिओने माझ्याकडे पाहिलं आणि दोऱ्याचं रीळ पुढे सरकवलं. पहिला ट्रक आला होता. मी सुईत निळा दोरा ओवला.