नऊ बाय दहाची खोली

चार वाजता एजंट घराच्या विक्रीचे कागद सहीला घेऊन येणार होता आणि चारुदत्तकाकांच्या जिवाला चैन म्हणून नव्हती. परदेशातल्या ॲन आर्बर गावातलं चाळीस वर्षांचं घर विकायचं आणि तिथल्याच दूरच्या चँडलर शहरात मुलाकडे, नकुलकडे, कायमचं जायचं. नंदाकाकू गेल्यापासून नकुलने धोशाच लावला होता. काल त्याने बाबांसाठी सजवलेल्या खोलीचा फोटो पाठवला. खोली कसली, हॉलच होता तो!

पण फोटोत उजव्या कडेला भिंतीवरचं घड्याळ होतं. काकांनीच घेऊन दिलेलं, चांगलं गोल गरगरीत. फोटोत मात्र ते अंड्यासारखं लांबुळकं झालेलं. इथेच माशी शिंकली.

काका कॅमेऱ्यात मुरलेले. वाइड लेन्सने कडेच्या वस्तू ताणल्या जातात, जवळचं अवाढव्य दिसतं आणि समोरची भिंत लांब पळते, हे त्यांना कोण शिकवणार? कागद घेतला, पलंगाच्या मापावरून रेघा मारल्या, आकडेमोड केली. खोली नऊ बाय दहा! पुस्तकांचं कपाट मावणार नाही, आरामखुर्चीचं तर नावच नको. कप्पाळ! दारापुढचा बर्फ काढायला म्हणून बाहेर गेले, फावडं तिथेच टाकून परत आले. चहा केला, तोही प्यायचा राहिला. पोटचा पोरगा आपल्याला गंडवतो? आणि हे घर एकदा हातचं गेलं की मग जायचं कुठे?

शेवटी तीन वाजता त्यांनी फोन लावला.

“नकुल, फोटो फोनच्या झिरो पॉइंट फाइव्हवर, वाइडवर काढलास ना?”

“का, बाबा?”

“का ते विचारू नकोस. साध्या वन एक्सवर काढून पाठव. आत्ता.”

बराच वेळ गेला. मग फोटो आला. त्यात अर्धा पलंग आणि खिडकीची एक कड, बस्स. नकुलला आणखी मागे सरकायला जागाच नव्हती.

“असली बनवाबनवी कुणी शिकवली रे तुला?” काका कडाडले.

“तुम्हीच,” नकुल म्हणाला. “भिंतीला पाठ लावायची, वाइड लेन्स घालायची. आजोबांना पाठवायला आपल्या अपार्टमेंटचे फोटो तुम्ही तसेच काढायचात. मी फ्लॅश धरायचो, आठवतं?”

आठवत होतं. एका खोलीचा संसार, पण सांगलीला फोटो असा जायचा की जणू बंगलाच. तेव्हा इकडे परदेशात आलेला जो तो हेच करायचा. पुढे आजोबा स्वतः आले. दारात उभं राहून त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि “हवेशीर आहे हो,” एवढंच म्हणाले. बापाने तेव्हा आपली लाज राखली होती, हे काकांना आज कळलं.

“रूम लहान आहे, बाबा. सॉरी. पण खरी साइझ दिसली असती तर तुम्ही सगळं कॅन्सल केलं असतं.” नकुलचा आवाज चिरकला. “मला तुम्ही इथे हवे आहात.”

काकांनी घड्याळाकडे पाहिलं. साडेतीन वाजत आले होते.

“दार पूर्ण उघडतं का?”

“नाही. पलंगाला अडतं.”

“मग पलंग खिडकीच्या भिंतीला लाव,” काका म्हणाले आणि सहीसाठी पेन शोधायला उठले.