निळ्या उजेडाची पेटी

“याडी, झाकण दाबून धरा. अन् आत पाहू नका!” डोळ्यांवर काळा गॉगल चढवत रंजिता सासूला म्हणाली.

मोतीबाईने पत्र्याच्या जुन्या पेटीवर दोन्ही तळहात टेकले. पेटीत रंजिताने ट्यूबलाइटसारख्या नळ्या बसवल्या होत्या. वर काच, काचेवर सर्किटच्या रेषा छापलेली फिल्म, तिच्यावर लेप दिलेली तांब्याची पाटी पालथी. उजेड लागला की रेषांपुरता लेप घट्ट होई, बाकीचा धुऊन निघे.

आयटीआय झालेली रंजिता पांढरकवड्याजवळच्या तांड्यावर, घरातच, मोटारपंपाचे स्टार्टर दुरुस्त करी. जुन्या स्टार्टरचे बोर्ड बाजारात मिळेनासे झाले, तेव्हा ते स्वतःच बनवायचं तिने ठरवलं. मोबाईलवर पाहून पेटी केली. नळ्या मात्र भंगारातून आणल्या, पाणी शुद्ध करायच्या यंत्रातल्या. उजेड निळाच पडत होता. तिला वाटलं, चालतील.

गॉगल घरात एकच होता.

झाकणाला पोचा होता. फटीतून उजेड मोतीबाईच्या तोंडावर येत होता.

“लय सुंदर दिसते वं.”

“पाहू नका म्हनलं ना!” रंजिता हसली आणि सोड्याचं पाणी कालवायला वळली.

पाटी धुतली तशा रेषा स्वच्छ उमटल्या. दुपारभर ती खुशीत होती.

संध्याकाळी मोतीबाई चुलीपुढून उठली आणि तिथेच थबकली. “डोयात रेती गेल्यावानी होऊन राह्यलं.”

डोळा लालभडक, पाण्याची धार लागलेली. दुसरा डोळा काचबिंदूने कधीच गेला होता.

“याडी, माह्याकडे पाहा. दिसते काय?”

“उघडतच नाही वं.”

शेजारच्या श्रावणने ऑटो काढला. वाटेत नवऱ्याचा, भारतचा फोन आला. तो ट्रक घेऊन हैदराबादकडे निघाला होता. मोतीबाईने चाचपडत फोन मागून घेतला.

“काही नाही रे, मिरची कुटून राह्यली होती, उडाली डोयात. तू गाडी सांभाळून चालव.”

“खोटं काहून सांगतलं?” रंजिताने विचारलं.

“रस्त्यावर हाये तो. त्याले आता काय सांगू?”

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी विचारलं, “वेल्डिंगकडे पाहिलं होतं का?” रंजिताने सगळं सांगितलं. नळ्या, फट, गॉगलसुद्धा.

“त्या नळ्या जंतू मारायच्या असतात. त्यांचा उजेड डोळा भाजतो. बहुतेक भरून येईल. सकाळी पाहू.”

“बहुतेक?”

डॉक्टरबाई पट्टी बांधत राहिल्या.

मोतीबाई कूस बदलत कण्हत होती. रंजिता तिचा हात धरून बसली. “घरी गेल्याबरोबर पेटी फोडून टाकतो, याडी.”

“फोडतं कायले? त्या उजेडाच्या नया बदलव.” थोड्या वेळाने ती म्हणाली, “बोर्ड चांगला निघाला ना?”



सकाळी पट्टी सुटली. मोतीबाईची पापणी फडफडली, पाणी ओघळलं. खिडकीच्या उजेडाला तिने तोंड फिरवलं आणि कितीतरी वेळ सुनेकडे पाहत राहिली.

“रडली काय वं? तुहा डोया तर माह्याहून लाल हाये.”

रंजिताने बाहेर येऊन भारतला फोन लावला. “मिरची नव्हती,” ती म्हणाली. “माही चूक होती.” मग सगळं सांगितलं.

ती परतली तेव्हा खाट रिकामी होती. डोक्यावर पदर ओढून मोतीबाई दवाखान्याच्या पायऱ्या सावकाश, एकटीच उतरत होती. रंजिताने धावत जाऊन हात पुढे केला. “दिसते ना मले,” म्हणत मोतीबाईने तो हळूच बाजूला सारला आणि पुढच्या पायरीवर पाऊल ठेवलं.