राक्षसापुढचं गाऱ्हाणं

नितेश आठवडाभर घाटकोपरच्या एका विमा कचेरीत लोकांचे फॉर्म तपासायचा आणि रविवारी इंटरनेटवर एक कॉमिक टाकायचा. व्हिडिओ गेममधला तलवारवाला वीर, पण मालवणी घरात जन्मलेला, एवढीच त्यातली गंमत. वाचक बाराशे, त्यातले निम्मे कचेरीतलेच.

त्या रविवारचं कॉमिक मात्र सगळीकडे फिरलं. वीर शेवटच्या राक्षसासमोर पोचतो, तलवार उपसतो, तेवढ्यात घरचा म्हातारा नारळ घेऊन मध्ये उभा राहतो आणि गाऱ्हाणं घालायला लागतो. देवाच्या कानावर घातल्याशिवाय मालवणी माणूस पापडसुद्धा लाटायला घेत नाही, हे जगजाहीर आहे. वीर त्याच्या मागे उभा राहून, हात जोडून 'होय म्हाराजा' म्हणत राहतो. राक्षस आधी ताटकळतो, मग बसतो, मग घोरायला लागतो.

म्हाताऱ्याला नाव दिलं नव्हतं. पण दोऱ्याने बांधलेला चष्मा आणि भर मे महिन्यात मफलर, असा त्यांच्या असल्फ्याच्या वस्तीत एकच इसम होता, आणि तो नितेशचा बाप, धाकू. मंडळाची पूजा असो की कोणाचं बारसं, गाऱ्हाणं धाकूनेच घालायचं. तो नोकरीला होता ती गिरणी बंद पडली, पण हे काम काही सुटलं नाही. कुर्ल्याच्या राजेशने, म्हणजे चुलतभावाने, ते कॉमिक मंडळाच्या ग्रुपवर टाकलं आणि खाली सतरा हसरे चेहरे जोडले. लाजेने म्हाताऱ्याने गाऱ्हाणं घालणं सोडलं, तर ते पाप आपल्या माथी, हे नितेशला कळत होतं.

संध्याकाळी धाकूने त्याला समोर बसवलं. नितेशने माफीची दोन वाक्यं तयार ठेवली होती. धाकूने मोबाइल नाकाशी धरून चित्रातल्या म्हाताऱ्याच्या तोंडापुढच्या फुग्यावर बोट ठेवलं. त्यात नुसत्या नागमोडी रेघा होत्या.

"ह्या काय ता?"

"गाऱ्हाणं, बाबा."

"ह्यात शब्द खय आसत?"

शब्द येत नाहीत, असं नितेशने सांगितलं आणि सांगताना त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"तीस वरसां माझ्या मागे उभो रवान होय म्हाराजा म्हणतंस," धाकू म्हणाला. "कशाक म्हणतंस, ता तुका म्हायत नाय?"

मफलरबद्दल, सतरा चेहऱ्यांबद्दल म्हाताऱ्याने चकार शब्द काढला नाही. त्याने मुलाला वही आणायला लावली, देवाकडे तोंड करून उभा राहिला, मफलर सारखा केला आणि सुरुवात केली. नितेश उतरवून घेऊ लागला. गावचा राखणदार आला, वेशीवरचे देव आले, गेलेल्या आजा-पणजांची चूकभूल आली. मग म्हातारा जरा थांबला आणि आवाज न बदलता पुढे म्हणाला, "आणि ह्या लेकरान माझां चित्र काढून लोकांका हसवल्यान, तेका यश दी, तेच्या हातांका सांभाळ रे म्हाराजा."

घरात तिसरं कोणी नव्हतं. नितेशने पेन खाली ठेवलं आणि हात जोडले. धाकू मागे न वळता तसाच उभा राहिला, कारण मागून कोणी म्हटल्याशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही.

"होय म्हाराजा," नितेश म्हणाला.