नऊ उतरंडी

पहिली

बुटाच्या टोकानं पाडली. चार चपटे दगड, एकावर एक रचलेले. थांबलेसुद्धा नाही.

या पार्कात मी बारा हिवाळे स्वयंसेवक आहे आणि दगडांच्या अशा उतरंडी पाडणं हे आमचं कामच आहे. वाट दाखवणाऱ्या खऱ्या उतरंडी रेंजर रचतात, त्या मला पाठ आहेत. बाकीच्या पाहुणे फोटोसाठी रचतात. मग त्यांच्या मागे जाऊन कुणीतरी भलत्याच घळीत उतरतं. म्हणून दिसली की पाडायची. माझा नवरा आर्विल मला रेंजरबाई म्हणतो, तो यावरूनच.

दुसरी, तिसरी

जानेवारी. व्हॅनमधला पाण्याचा कॅन सकाळी दगड झाला होता. बूट पांघरुणात घेऊन झोपलो, तरी नाड्या ताठ. आर्विल गुडघ्यांमुळे नेहमीच तासभर आधी निघतो. कड्याच्या टोकाशी भेटायचं, थर्मासमधलं सूप प्यायचं आणि ऊन जायच्या आत गाडीत परतायचं. ऊन गेल्यावर या कातळावर माणूस फार वेळ टिकत नाही.

निघताना त्यानं विचारलं होतं, "काय रेंजरबाई, आज तरी सुट्टी?"

"तू चाल, म्हाताऱ्या. नाहीतर अर्ध्यात गाठीन."

चौथी

दोन लाथा लागल्या.

पाचवी

ही दोन कोरड्या घळींच्या फाट्यावर होती. इथे चुकणारा सरळ सुळक्यापाशी जातो आणि तिथे घळ एकदम तुटते, खाली चाळीस फूट सरळ कडा. मला रागच आला. एकेक दगड उचलून लांब भिरकावला.

मग वारा सुटला. एका मोठ्या शिळेच्या आडोशाला बसले, टोपी कानांवर ओढली आणि पीनट बटर लावलेला पाव खाल्ला. उन्हात डोळे मिटले. अर्धा तास असेल.

सहावी, सातवी, आठवी

पाडल्या.

नववी

छातीएवढ्या खडकावर होती, पाय पोचेना. हातानं उचलावी लागली.

वरच्या दगडावर जाड पेन्सिलीनं लिहिलं होतं. आर्विलनं चाळीस वर्षं सुतारकाम केलं, त्याच्या खिशात तसली चपटी पेन्सिल अजूनही असते. एक बाण होता. आणि: ९. गाडी खाली. गाडीत नेल्डा.

नेल्डा मी.

आधी वाटलं, माझी थट्टा चालली आहे. मग लक्षात आलं की अक्षरं मला उलटी दिसत होती. वरून खाली येणाऱ्यालाच ती सुलट वाचता आली असती.

वरून खाली येणारा एकच होता.

या वाटेनं आम्ही बारा हिवाळे चढतो आहोत. नव्या स्वयंसेवकांना ही वाट तोच दाखवायचा.

दगड हातात तसाच राहिला. खडकाच्या सावलीत बर्फाचा पट्टा होता, त्यात त्याच्या बुटांचे ठसे वर गेलेले. त्यांच्यावर दुसरे ठसे, तेच बूट, खाली आलेले.

तो परतला होता. मी शिळेआड डोळे मिटून बसले होते तेव्हा.

जिथे आठवी होती, सातवी होती, सहावी होती

धावले. पडले. हाका मारल्या. माझाच आवाज कड्यावरून परत आला.

जिथे पाचवी होती

वाळूत त्याचे ठसे गोल गोल. एका जागी उभा राहून तो फिरला होता, पुन्हा फिरला होता. मग ठसे निघाले. सुळक्याच्या घळीत.

मी आता हाक मारली नाही. दचकला तर?

कडेपासून दहा पावलांवर तो बसला होता, हात काखेत घालून. ओठ निळे पडले होते. त्यानं वर पाहिलं.

"नेल्डा."

मला ओळखलं. हळूहळू त्याच्याजवळ जाऊन बसले. माझे हातमोजे त्याच्या हातात घालायला लागले, पण त्याची बोटं वाकत नव्हती; कसेबसे चढवले.

त्यानं खुणा लावल्या होत्या, असं तो सांगू लागला. नऊ. उतरताना वरच्या सापडल्या, मग एकदम काहीच नाही. त्यानं पुन्हा पुन्हा शोधलं होतं.

"मला वाटलं, खालच्या मी लावल्याच नव्हत्या. नुसत्या मनात लावल्या." तो माझ्याकडे न बघता बोलत होता. "म्हटलं, आता इथपर्यंत गेलंय डोकं."

"मी पाडल्या."

"काय?"

"सगळ्या. एकूण एक. आर्विल, मी पाडल्या."

शिव्या देईल, देऊ दे, असं मला झालं होतं.

"म्हणजे होत्या," तो म्हणाला.

"होत्या."

"पाचवी? त्या फाट्यावर?"

"तिथेच होती."

त्यानं हातमोज्यांसकट हातांनी चेहरा झाकला आणि रडला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासमोर रडला. आणि रडता रडता मला म्हणाला, "थँक यू."

हे चाललंय कधीपासून, मी विचारलं. मला का नाही सांगितलंस, हेही विचारलं. तो डोळे पुसत उठला. सगळं सांगतो म्हणाला, पण आधी गाडीत जाऊ, गारठलोय. आवाज अगदी नेहमीचा होता, ठणठणीत.

मग तो चालायला लागला. सुळक्याच्या दिशेनं.

मी त्याची बाही धरली.