खेकड्यांविना सहल

१९८७ सालचा मार्च. पोर्ट मेरिन गावच्या इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे सार्वजनिक सभागृहाच्या, मागच्या खोलीत बेरिल हॉकिंगने चहाची किटली उचलून टेबलक्लॉथच्या एका कोपऱ्यात ठेवली.

"हे आपलं गाव," ती म्हणाली. "साखरेचं भांडं म्हणजे पलीकडची खारफुटी. मधे ही सुरी, ती खाडी. आणि लोण्याची बशी म्हणजे मिसेस नॅन्कॅरोंचं कुरण, खाडीला वळसा घालून पलीकडे जायची एकच कोरडी वाट. चालेल ना हो, ऑलिव्ह?"

खिडकीशी विणत बसलेल्या ऑलिव्ह नॅन्कॅरोने मान वर केली नाही.

"माझं कुरण एवढं मोठं कधीच नव्हतं," ती म्हणाली.

दर बुधवारी दुपारी ही चौघं जमायची. सुरुवात झाली ती गावाच्या इतिहासाचं पुस्तक काढायचं म्हणून. शाळेतून निवृत्त झालेले मर्व्ह पॅस्को सर लिहिणार होते. औषधांच्या दुकानात जन्म घालवलेल्या बेरिलला गावातली सगळी दुखणी पाठ होती. पण पुस्तक १९५३ सालापाशी येऊन जे अडकलं ते अडकलंच. त्या साली ऑलिव्हची सात वर्षांची मुलगी कोरली एका दुपारी नाहीशी झाली होती आणि दुसऱ्या सकाळी खाडीपलीकडे खारफुटीत सापडली होती. गळ्यावर बोटांचे वण होते. कुणाची बोटं, ते पोलिसांना कधी कळलं नाही. तेव्हापासून ही मंडळी लेमन केक खात तेच कोडं सोडवत बसलेली.

आईसमोर हे बोलायचं कसं, असा सरांना पहिल्या दिवशी संकोच झाला होता. ऑलिव्ह स्वतःच म्हणाली होती, "बोला. मी विणते." तिचा नवरा आर्च जाऊन दहाएक वर्षं झाली होती. रविवारी देवळात बायबल वाचणारा, भारदस्त आवाजाचा माणूस. त्याच्या अंत्यविधीला देवळात उभं राहायला जागा नव्हती.

चौथी होती वेर्ना लिंडनर. शेचाळीस वर्षांची, चौघांत सगळ्यात लहान. ती येताना केक आणायची, कपबशा विसळायची आणि फारसं बोलायची नाही. तिच्यासमोर बाकीचे एक पथ्य पाळत. तिच्या भावाचं, क्लेमचं, नाव कुणी घेत नसे. त्याला ते 'होडीवाला' म्हणत. होडीवाल्याने असं केलं असेल, होडीवाला तसा गेला असेल. वेर्ना ऐकून घ्यायची आणि चहा ओतायची. संध्याकाळी घरी जाऊन त्याच होडीवाल्याला ती बटाटे उकडून वाढायची. त्याने ते केलं की नाही, हे तिला ठाऊक नव्हतं. पोलिसांनी त्याला दोनदा नेलं, दोनदा सोडलं. सोडलं, पण निर्दोष आहे असं कुणी म्हटलं नाही. दुकानात कुणी त्याच्याशी बोलत नसे. आईवडील गेले, वेर्नाने लग्न केलं नाही, आणि इतक्या वर्षांत एका छपराखाली राहून तिने त्याला एकदाही विचारलं नव्हतं. दर बुधवारी ती इथे येत होती ती एवढ्यासाठीच. विचारण्याचं काम ही माणसं करत होती.

"बुटांपासून सुरू करू," सर म्हणाले. "तिच्या बुटांना चिखल नव्हता. खाडी चालत ओलांडली असती तर माणूस कमरेपर्यंत रुतला असता. म्हणजे ती होडीतून गेली."

"किंवा कुणी उचलून नेली."

"कुठून? कुरणातून? बेरिल, सात वर्षांची मुलगी अनोळखी माणसाला उचलून घेऊ देते होय? बोंब मारते."

"तुम्हाला काय ठाऊक सर, तुम्हाला मुलं नाहीत."

"मला चाळीस वर्षं दुसऱ्यांची होती." सरांनी चष्मा पुसला. "आणि रिबन? होडीत सापडलेली तिची रिबन?"

"अख्ख्या गावाची पोरं त्या होडीत खेळायची. माझ्या भाचीचा दातसुद्धा तिथेच पडला होता. लावा त्याचाही खटला."

ऑलिव्हच्या सुया एका लयीत चालल्या होत्या. बाहेर मार्चचं पिवळट ऊन पडलं होतं. या दिवसांत आखात आरशासारखं होतं. पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे लागतं, ते डोळे बारीक करूनही सांगता येत नाही.

सरांनी एक बिस्किट घेतलं आणि सुरीच्या पात्यावर ठेवलं.

"ही होडी. ती खाडीच्या तोंडाशी बांधलेली असायची. भरती पुरी आल्याशिवाय तरंगायची नाही. इन्स्पेक्टरने लिहिलंय, दुपारची भरती आली." बिस्किट पात्यावरून हळूहळू पुढे सरकलं. "होडी तरंगली. होडीवाला पलीकडे गेला. गाव त्या वेळी सगळं किनाऱ्यावर, देवळाच्या सहलीत. बघणारं कुणी नाही."

वेर्ना त्या बिस्किटाकडे पाहत होती. ते तिला बघवेना, पण नजरही हटेना. मग ती पुन्हा बारा वर्षांची झाली. पायांखाली गरम वाळू, हातात पत्र्याचा टब, डोक्यावर आईची मोठी हॅट. सगळीकडे माणसं, सगळ्यांच्या हातात लांब दांड्यांची दाताळी, आणि समोर पाणी. ओहोटी लागल्याशिवाय खेकडे हाती लागत नाहीत, आणि पाणी जिथल्या तिथे. बायका चादरी पसरून बसल्या होत्या, पुरुष दाताळ्यांवर रेलून समुद्राकडे बघत होते. कुणाचा तरी टब पालथा घालून त्यावर तान्हं मूल बसवलं होतं. दुपार सरली, सावल्या लांबल्या, तरी पाण्याची ती रेघ वाळूवरच्या त्याच शिंपल्याशी. तिने तो शिंपला मुद्दाम धरून ठेवला होता डोळ्यांत. मान वळवली की खाडीच्या तोंडाशी क्लेमची होडी दिसत होती, चिखलात एका कुशीवर कलंडलेली, झोपलेल्या गायीसारखी.

"सर," ती म्हणाली, "त्या दिवशी खेकडे मिळाले नव्हते."

"काय?"

"सहलीत. कुणालाच मिळाले नव्हते."

बेरिल खळखळून हसली. "अगं बाई, तो पाद्री! नवा आलेला, तिकडचा, डोंगरातला. कॅलेंडर बघून शनिवार ठरवला त्याने. खेकड्यांची सहल! आणि नेमका डॉज. माझा बाप म्हणाला, देवाने याला समुद्र दाखवला पण ओळख करून दिली नाही. सगळं गाव टब घेऊन बसलंय, आणि पाणी ना येतंय ना…"

ती थांबली.

त्या आखातातल्या लोकांना हे समजावून सांगावं लागत नाही. भांगाच्या दिवसांत, भरती-ओहोटी सगळ्यात उणी असते तेव्हा, कधीकधी तिथला समुद्र दिवसभर हलतच नाही. अर्ध्यावर येतो आणि तिथेच उभा राहतो, भरती नाही, ओहोटी नाही. लोक त्याला डॉज म्हणतात आणि त्या दिवशी घरची कामं काढतात.

सरांचं बोट बिस्किटावर तसंच होतं. त्यांनी ते हलकेच मागे ओढलं, सुरीच्या पात्यावरून परत किटलीपाशी.

"होडी चिखलात होती," ते म्हणाले.

"दिवसभर," वेर्ना म्हणाली.

"पण इन्स्पेक्टरने लिहिलंय…"

"तो मूळचा सिडनीचा," बेरिल म्हणाली. आता तिच्या आवाजात हसू नव्हतं. "तिकडे समुद्र रोज दोनदा येतो आणि दोनदा जातो. त्याला वाटलं, सगळीकडे तसंच असणार."

"मग कुणी सांगितलं कसं नाही त्याला? अख्खं गाव होतं तिथे. मी होतो. तू होतीस."

"त्याने विचारलं नाही, सर. आणि लिंडनरच्या पोरासाठी आपणहून चौकीवर कोण जाणार होतं तेव्हा? लढाई संपून किती दिवस झाले होते? जर्मन आडनाव ऐकलं की माझी आई दुकानाची फळी ओढायची." तिने वेर्नाकडे पाहिलं आणि नजर खाली घेतली. "पुढे पेपरात भरती आली. पेपरात आली म्हणजे आली. मीसुद्धा तेच म्हणत आले."

टेबलावर सुरी होती, साखरेचं भांडं होतं, आणि सुरीला वळसा घालून पलीकडे नेणारी लोण्याची बशी होती. सरांनी तिच्याकडे पाहिलं. मास्तरच ते. उत्तरपत्रिका अर्धी तपासून ठेवायची सवय नव्हती त्यांना.

"ऑलिव्ह," ते फार हळू म्हणाले, "तुम्ही त्या दिवशी सहलीला नव्हता."

"डोकं दुखत होतं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत होते. आर्च मागे कुंपणाच्या तारा ओढत होता."

"आणि तुम्ही पोलिसांना सांगितलं होतं की कुरणातून कुणी गेलं नाही."

ऑलिव्हने हातातली ओळ संपवली. सुई फिरवली. लोकरीचा गुंडा मांडीवरून घरंगळला, तो वेर्नाने उचलून दिला.

"परकं कुणी गेलं नाही," ऑलिव्ह म्हणाली. "मी असं सांगितलं होतं. अजूनही तेच सांगते."

बेरिलने तोंडावर हात ठेवला. सरांनी एकेक वस्तू टेबलावरून उचलून आपापल्या जागी ठेवायला सुरुवात केली. सुरी ठेवताना तिचा आवाजही होऊ दिला नाही.

निघताना ऑलिव्हला कोटाची बाही सापडेना. वेर्नाने तो धरला. इतके बुधवार त्या दोघी एकाच खोलीत एकच गोष्ट ऐकायला बसत होत्या. एकीला ती ऐकायची होती आणि दुसरीला तिची भीती होती, की तिलाही ती ऐकायचीच होती, कोण जाणे. ऑलिव्हचा हात बाहीत अर्धा राहिला.

"क्लेमचे गुडघे कसे आहेत?" तिने विचारलं. त्या खोलीत ते नाव पहिल्यांदाच आलं होतं.

वेर्नाला बरंच काही बोलायचं होतं. चौतीस वर्षांचं होतं ते. समोर पांढऱ्या केसांचं एवढंसं डोकं होतं.

"थंडीत दुखतात," ती म्हणाली.

"मी विचारलं म्हणून सांग."

घरी क्लेम अंगणातल्या फळीवर मासे साफ करत होता. वेर्ना पायरीवर बसली. मांजर दोघांच्या मधे येऊन बसलं.

"त्या दिवशी डॉज होता," ती म्हणाली.

तो कुठला दिवस, हे त्याने विचारलं नाही. "हो."

"तू सांगितलं नाहीस कुणाला?"

"सांगितलं की. होडी दिवसभर चिखलात होती म्हटलं. इन्स्पेक्टर हसला. म्हणाला, दिवसभर ओहोटी? मला काय समजतोस?" त्याने एक डोकं मांजराकडे टाकलं. "बाबांना सांगितलं. ते म्हणाले, गप्प राहा, विसरतील."

"मला नाही सांगितलंस."

क्लेमने सुरी पाण्यात बुडवली, पुसली.

"तू विचारलं नाहीस," तो म्हणाला. त्यात राग नव्हता. नंतर त्याने मासे आत नेले आणि तिच्या आवडीचे दोन मोठे वेगळे काढून ठेवले.

पुढच्या बुधवारी खोलीची किल्ली कुणी मागितली नाही. पॅस्को सरांनी पोलिसांना कळवलं. एक सभ्य, कोवळा शिपाई आला, त्याने चहा घेतला, ऐकून घेतलं आणि नोंद करतो म्हणाला. गावाचा इतिहास पुढे छापून झाला, तो १९५२ सालापर्यंतच. सर नंतर बहिणीकडे ब्रोकन हिलला गेले आणि समुद्र नाही म्हणून कुरकुरत तिथेच वारले. बेरिलच्या तोंडात तीळ भिजत नसे, पण ही गोष्ट तिने मरेपर्यंत कुणाला सांगितली नाही. फक्त क्लेमला औषधं घरपोच नेऊन द्यायला लागली, आणि उशिरा आणली म्हणून त्याच्याच अंगावर ओरडायची. क्लेम अठ्ठ्याण्णव साली झोपेत गेला. वेर्ना अजून त्याच घरात असते.

पण ऑलिव्हचं सांगायचं राहिलं. ती त्या बुधवारानंतरच्याच हिवाळ्यात, सत्त्याऐंशी सालीच, गेली. जाण्याआधी तिने पाद्र्याला बोलावून शवपेटी उचलणाऱ्या सहा जणांची नावं सांगितली होती, आणि गावात मेलेल्या माणसाचा हा शब्द कुणी मोडत नाही. पाच तिचे पुतणे. सहावा क्लेम लिंडनर.

त्याच्याकडे काळा कोट नव्हता. सरांचा आखूड पडला, मनगटं उघडी राहिली. देवळाच्या दारात अख्खं गाव उभं होतं. क्लेम आला, पुतण्यांपैकी सगळ्यात थोरल्याने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि मग पुढच्या दांडीपाशी त्याच्यासाठी जागा केली. दुखऱ्या गुडघ्यांनी तो देवळापासून टेकडीवरच्या दफनभूमीपर्यंत चालत गेला, मधे कुणाला खांदा बदलू दिला नाही. रस्त्याच्या दोन्ही अंगांना पुरुषांच्या टोप्या उतरत गेल्या. त्या ऑलिव्हसाठी होत्या. पण तो जवळून जाताना त्या तशाच हातात राहिल्या.

परतताना वेर्नाने त्याचा दंड धरला.

"जड होती का रे?"

क्लेम थोडं चालला, मग म्हणाला, "नाही गं. अगदी पोरीएवढी होती."