ज्याच्याकडे किल्ली, त्याला

मोहियुद्दीन मास्तरांनी रत्नागिरीत पस्तीस वर्षं इतिहास शिकवला. रियाधला लेकाकडे, शारीककडे, ते आरामासाठी आले, पण अल मलाझच्या फ्लॅटमध्ये नातीचा प्रोजेक्ट गळ्यात पडला. अमेरिकेत गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्यांनी एकमेकांना लिहिलेली पत्रं वाचायची आणि तसंच एक स्वतः लिहायचं. तीन दिवस झाले, अदिबाचा कागद कोराच होता.

"दादाजान, बोअरिंग आहे. हा लिहितो, गुलामी वाईट. तो लिहितो, हो, फार वाईट. मग सभा कधी, सह्या किती. दोघं आधीच अ‍ॅग्री करतायत ना?"

"अगं, लांब लांब, एकेकटे राहायचे बिचारे. धीर नको का द्यायला?"

"ठीक है. पण मालकाला कोण लिहितं?"

तेवढ्यात मास्तरांचा फोन वाजला. जवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टर उमाकांतांचा मेसेज. "मास्तर, गफूरचं काय झालं?"

गफूर म्हणजे शारीकच्या कंपनीतला ड्रायव्हर, श्रीवर्धनकडचा. पुढच्या शुक्रवारी गावी त्याच्या मुलीचा निकाह, आणि पासपोर्ट शारीकच्या ऑफिसातल्या कपाटात. काम संपेपर्यंत मिळणार नाही, असं शारीकने त्याला सांगितलेलं. बीपीच्या गोळ्या घ्यायला गेला तेव्हा त्याने हे डॉक्टरांना सांगितलं होतं. तेव्हापासून तीन आठवडे डॉक्टर मास्तरांना लिहीत होते, "हे बरोबर नाही." मास्तर उत्तर देत होते, "अजिबात नाही." शारीकला मात्र त्यांनी एकदाच, जेवताना विचारलं होतं, "गफूर दिसत नाही हल्ली?" "कामावर आहे," म्हणून त्याने रोटीसारखा खुबूस पुढे सरकवला होता, आणि मास्तरांनी तो घेतला होता.

त्यांना स्वतःचीच चीड आली. अदिबासमोरचा कोरा कागद त्यांनी ओढून घेतला.

'चिरंजीव शारीक यास दुवा. गफूरचा पासपोर्ट गफूरचा आहे. तो त्याला उद्या दे. मुलीच्या निकाहाला बाप हवा.'

अदिबा वाकून वाचत होती. "अब्बूला? अब्बू मालक आहे?"

"कपाटाची किल्ली त्याच्याकडे आहे."

संध्याकाळी मगरीबच्या नमाजानंतर शारीक घरी आला. उभ्यानेच त्याने पत्र वाचलं.

"अब्बा, एका घरात राहून पत्र?"

"बोललो तर तू खुबूस देतोस."

शारीक हसला नाही. "एकाला दिला तर उद्या चाळीस जण रांगेत उभे राहतील. तुम्हाला नाही कळायचं हे."

"चाळीस पासपोर्ट आहेत तिथे?"

शारीकने कागदाची घडी करून खिशात घातली. "बघतो," म्हणाला आणि हात धुवायला गेला.

बघतो. शाळेत पोरं गृहपाठाबद्दल असंच म्हणायची. मास्तरांनी डॉक्टरांना मेसेज केला, "मला लिहू नका. शारीकला लिहा. नंबर पाठवतो." निळ्या खुणा उमटल्या, उत्तर आलं नाही.

त्यांनी दुसरा कागद घेतला.

"परत तेच?" अदिबाने विचारलं.

"त्या लोकांनी किती वर्षं लिहिलं, तुझ्या पुस्तकात असेल. मोठ्याने वाच जरा."

आत शारीकने नळ बंद केला होता. अदिबा पान शोधू लागली.